तेरा पावलं

कोल्ड स्टोरेजमधून बाहेर पडतो तेव्हा
खांदा माझा नसतो.
रात्रभर बेदाण्याचे पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स,
चार डिग्रीत, थप्पीवर थप्पी,
आणि सहाला गेटवर सायकल काढताना
उजवा हात डाव्यानं उचलून
हँडलवर ठेवावा लागतो.

रविवारी घरी जात नाही.
तासगावच्या बाजार समितीमागं मैदान आहे,
दस्तगीरचाचा आधीच आलेला असतो,
पाण्याचा कॅन, एकच स्टंप, चुन्याची पिशवी.
"आलास व्हय, बर्फाच्या गोळ्या?"

पहिली वीस मिनिटं चेंडू दिसतसुद्धा नाही.
तो चाचाच्या खिशात, खिसा फुगलेला.
मी कडेकडेनं दोन फेऱ्या,
मग घोटे, गुडघे, कंबर,
मग हात, आधी कोपरापासून, लहान लहान,
मग खांद्यापासून, पुढून मागं, मागून पुढं,
गंजल्या रहाटासारखा.
आत कुठंतरी कट् वाजतं,
ते चाचाला लांबूनही ऐकू जातं.
"अजून धा."
अजून धा.

मग चेंडू मिळतो, पण पळायचं नाही.
अर्ध्या अंतरावरून, उभ्यानं,
शिवण दोन बोटांत सरळ,
नुसतं मनगट.
आदिनाथ उपाध्ये हसतो.
तो एकोणीस वर्षांचा, मोटरसायकलवरून उतरतो
आणि थेट रनअप घेतो.
त्याच्या खांद्यानं अजून त्याला
कळवलेलं नाही, की मी आहे.

सगळ्यात शेवटी वीट.
अर्धी वीट, भट्टीत जास्त भाजून काळी पडलेली,
नऊ वर्षं ती माझी खूण.
वीट ते क्रीज, तेरा पावलं.
झोपेतही मोजतो, बॉक्स रचतानाही,
तेराव्याला बॉक्स जरा आपटतो
आणि सुपरवायझर शिव्या घालतो.

गेल्या लीगला हिशेब बिघडला.
तेरावं पाऊल रेषेच्या हातभर मागंच पडायचं,
चेंडू आखूड, बॅट्समन निवांत.
ताणून टाकला की नो-बॉल.
विसापूरच्या टीमनं एका ओव्हरमध्ये एकवीस काढले
आणि पुढच्या तीन मॅच माझं नाव
कागदावर सगळ्यात खाली,
पाणी नेणाऱ्यांत.

यंदा मात्र जुळलं.
दिवाळीपासून तेरावं पाऊल बरोब्बर रेषेवर.
मी म्हटलं, वॉर्मअपचा गुण.
बायको म्हणाली, मी चोळते त्या तेलाचा.

आज दव फार होतं.
चेंडू पुसायला विटेपाशी वाकलो,
तर विटेच्या मागं, दीड हातावर,
गवतात एक टकला चौकोन.
अर्ध्या विटेएवढा.
कडा अजून पिवळ्या,
मध्ये एक मुंगळा, घर शोधल्यासारखा.

"चाचा, वीट कुणी हलवली का हो?"
"वीट कशाला हलंल? वीट हाय ती."
आणि तो स्टंप ठोकत राहिला,
जो केव्हाच ठोकून झाला होता.

मी त्या चौकोनावर उभा राहिलो थोडा वेळ.
इथून क्रीज खरंच लांब दिसते.
इथून पळणारा एक जण होता,
त्याचे केस दाट होते, तो वॉर्मअप करायचा नाही,
तो उभ्यानं टाकणाऱ्यांना हसायचा.

नऊला सावळजशी मॅच.
मागून आदिनाथ हॉर्न देत होता, उगाच.
मी दीड हात पुढं आलो,
टाच विटेला लावली
आणि पळालो, मोठ्यानं मोजत,
चाचाला ऐकू जावं म्हणून.

"किती झाली?" त्यानं मान वर न करता विचारलं.
"तेरा."
"तेराच न्हवं?"
"तेराच."

चेंडू कुठं पडला ते मी पाहिलं नाही.
आदिनाथ हॉर्न सोडून
स्टंप उचलायला गेला.