सव्वीस वजा तीन

सव्वीस आठवडे. त्यातले तीन
शिरोलीच्या उकाड्यात पाय सुजले,
फौंड्रीच्या दारात भोवळ आली, तेव्हाच गेले.
उरले तेवीस.
आज बाळीला सात पूर्ण.
हे गणित मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतो,
दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीनं.

('करतो' वाचून दचकू नका. आमच्या कोल्हापुरात
बायका अशाच बोलतात. येतो, जातो,
बाळंत झालो.)

माझं काम मोजायचं.
पंपाचं कास्टिंग आलं की व्हर्नियर लावायचा.
केसाएवढा फरक दिसला
की लाल खडूची फुली, माल परत.
अकरा वर्षांत माझी फुली कुणी पुसली नाही.
आणि आता हा एक रकाना:
रजा, अमुकपासून तमुकपर्यंत.
अमुक भरलं.
तमुकला लावायला माझ्याकडं गेज नाही.

परवा ऑफिसातनं साळोखेंचा फोन. गोड बोलले.
'कायद्यानं सगळी रजा तुमचीच, वहिनी.
फक्त नवीन लाईन दिवाळीआधी सुरू होतीया.
इन्चार्ज कोण, ते अजून ठरलं नाही.'
बाकीचं वाक्य माझ्यावर सोडून
त्यांनी बाळाला आशीर्वाद दिला.

मला ती लाईन पाहिजे.
एवढं स्वतःशी म्हणायला
रात्रीचे तीन वाजावे लागतात.
शेगडी, धुरी, बाळंतशेपा, डिंकाचा लाडू,
कानावरनं घट्ट बांधलेला रुमाल,
आणि त्या सगळ्या वासांत मी चोरून
भट्टीचा वास शोधतो.
बाळी पिता पिता थांबते, बघते.
तिला कळलं असंल का?

रणधीर म्हणतो, 'तू म्हणशील तसं.'
त्याच्या प्रेसनं त्याला दिले तीन दिवस,
त्यातला एक पेढे वाटण्यात गेला.
पॅकिंगमधल्या शकिलाभाभी म्हणाल्या,
'लवकर आलीस तर दूध आटतंय,
उशिरा आलीस तर खुर्ची. बघ बाई.'
आणि खुर्चीवर ठेवायला
उशी शिवून दिली, टाक्यांसाठी.

आईला विचारायची भीती होती.
आई कपिलतीर्थच्या मंडईतली.
म्हणंल, एकवीस दिवसांत आम्ही काय मेलो का?

आई लंगोट पिळत होती. म्हणाली,
'एकविसाव्या दिवशी बसलो मी पाटी घेऊन.
न्हाईतर जागा गेली असती, शेजारीण टपलीवती.
तू घरात रडायचीस आन् हितं माझी चोळी भिजायची.
पदर वढून घ्यायचो आन् पेंढ्या बांधायचो.
त्या दिवशीचा मेथीचा भाव इचार,
आत्ता सांगतो. रुपयाला दोन.
तुझं तोंड कसं हुतं त्या महिन्यात, ते इचारू नको.'
मग लंगोट झटकला, दोरीवर टाकला,
चिमटा लावला. परत काही बोलली नाही.

मी तेवीस लिहिलं. खोडलं. एकोणीस.
खोडलं. कागदाला भोक पडलं.
दुसरा फॉर्म कोरा होता, त्यावर
पूर्ण तेवीस, शाईनं.
आणि खाली शेऱ्याच्या जागी, जिथं कुणी काही लिहीत नाही:
'नवीन लाईनसाठी माझा अर्ज धरावा.'
धरतील, न धरतील.
साळोखे वाचून हसतीलही.
महिन्याभरात माझंच मन फिरलं
तर तेही मला आत्ता मोजता येत नाही.

दारात चप्पल घालताना म्हणालो, 'येतो गं.'
बाळीनं मान वळवली,
माझ्याकडं की हलत्या पडद्याकडं, कुणास ठाऊक.
रिक्षा तावडे हॉटेलच्या चौकात पोचायच्या आत
ब्लाऊज भिजला.
मी पदर ओढून घेतला
आणि कागद वर धरला, ओला होऊ नये म्हणून.