गाद्यांच्या दुकानात, नऊनंतर

नऊला मुश्ताक शटर अर्धं खाली ओढतो
आणि आम्ही वाकून आत शिरतो.
हेमराजला वाकणं माहीत नाही,
त्याचं डोकं दर वेळी पत्र्याला लागतं.
तो आवाज आम्ही पहिल्या भागात तसाच ठेवला.

दगडी दरवाजापासून तिसरं दुकान.
भिंतींना टेकून उभ्या लग्नाच्या गाद्या,
माळ्यावर कापसाचे गठ्ठे,
पिंजायचं मशीन चादर पांघरून झोपलेलं.
इथे बोललेला शब्द
भिंतीवर आपटून माघारी येत नाही,
तिथेच निजतो.
यामिनी म्हणाली, पुण्यात अशा खोलीचे
तासाला आठशे घेतात. आपल्याला फुकट.
मुश्ताक म्हणाला, माझ्या बापाच्या, आजाच्या
छातीत हाच कापूस बसलाय.
फुकट नाही गं.

माइक हेमराजच्या मिरचीच्या पैशाचा.
त्यावर यामिनीचा पायमोजा,
धुतलेला आहे, हे ती दर भागाला सांगते.
मे महिना, कूलर बंद,
कारण कूलर आमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.
घाम कोपरावरून वहीवर,
वहीत लिहिलेलं: नमस्कार श्रोतेहो,
आज आपण चर्चा करणार आहोत…

पहिला भाग आम्ही परत ऐकला
तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ आहे.
दुसऱ्या भागात मी पुन्हा नमस्कार म्हणालो
आणि हेमराज तडकला,
"नमस्कार काय करी ऱ्हायना भो,
तो कंदीलवाला मरी ग्या ते सांग!"

मग आम्ही सांगत सुटलो.
कंदीलवाला पाण्याखालच्या गावात कसा उतरतो,
तेल संपत आलं की पडद्याच्या कडा कशा काळ्या होतात,
विहिरीपाशी थांबलं तर बासरी वाजते,
आणि थांबायचं नसतं.
स्टेशन रोडच्या पार्लरमध्ये दहा रुपयांना अर्धा तास,
रिमोटचं डावं बटण चिकटणारं,
मालकाच्या हातात कायम कैरी.
तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
आम्ही तिघं तेव्हा एकमेकांना ओळखतही नव्हतो,
फक्त पाठी ओळखत होतो,
पुढच्या नंबरावर बसलेल्यांच्या.

चौथ्या भागात कंदीलवाला शेवटच्या दारापाशी आला,
यामिनीनं आवाज खाली आणला,
दार उघडलं,
आणि दहा चाळीसची सुरतेची गाडी गेली.
लांबच्या लांब. शिट्टीसकट.
आम्ही ती कापली नाही.
काय कापणार, सगळं गाव तिच्यावर झोपतं.

ऐकणारे सात.
त्यातले चार आम्हीच.
पाचवी यामिनीची मावसबहीण, सहावा कोण ते कळलं नाही,
सातव्यानं काल आवाज पाठवला,
मागे सोळा माग खडखडतायत,
उधना, रात्रपाळी:
"दादाहो, गेम माले काहीच समजना नही.
पन ते दार उघडनं ना, तवयच गाडी उनी.
मांगे काय व्हतं?
दोन दिवसपाईन त्याच इचार करी ऱ्हायनू."

मी हेमराजकडे पाहिलं.
हेमराजनं यामिनीकडे.
यामिनी पायमोजा सारखा करत बसली.
दारापाशी माझा अर्धा तास नेहमी संपायचा,
कैरीवाला हात खांद्यावर पडायचा: चल, ऊठ.
मला वाटत होतं, हेमराजनं पाहिलंय.
हेमराजला वाटत होतं, तिनं.
ती म्हणाली, माझ्याकडे तर कधी दहाच नसायचे,
मी पाच देऊन नुसती मागे उभी राहायचे.

मुश्ताक, जो आयुष्यात एक गेम खेळलेला नाही,
गादीला टाके घालता घालता थांबला,
सुई कॉलरला खोचली.
"म्हणजे चार भाग तुम्ही
न पाहिलेल्या दारापर्यंतच बोलताय?"

कुणी हसलं. बहुतेक मीच.
हेमराज म्हणाला, सुरतवाल्याला काय सांगायचं?
बाहेर गाडीला अजून अकरा मिनिटं होती.
मी लाल बटण दाबलं.
कुणीच नमस्कार केला नाही.