अभिप्रायाला तीन ओळी

प्रशिक्षणातून आपण काय शिकलात?
खाली तीन ओळी आखल्यात, तिसरी अर्धीच,
पुढच्या जागेत सहीचा चौकोन.

मी हिलाल आधार बाविस्कर, ग्रंथालय परिचर.
चार दिवस चोपड्याहून पहाटेच्या गाडीनं आलो.
तापीच्या पुलानंतर खिडकी लावून घ्यायचो,
मे महिन्यातलं जळगावचं ऊन
साडेआठलाच तोंडावर भाकरी शेकायला बसतं.
हॉल मात्र इतका गार
की दुसऱ्या दिवशी मफलर घेऊन निघालो.
कंडक्टरनं तिकिटाआधी मफलरकडं पाहिलं.

पहिल्याच तासाला कळलं,
वाचक आता वापरकर्ता झालाय.
फिरके मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या.
माऊस कसा धरायचा ते सांगताना
त्यांनी माझा हात धरला नाही,
स्वतःचा धरून दाखवला.
एवढं कोण सांभाळतं?

एक गोष्ट एकोणतीस वर्षं कुणाला सांगितली नाही.
इंग्रजी पुस्तकांची नावं मला वाचता येत नाहीत.
आकडे येतात. सहाशे तीस म्हणजे शेती.
पाचशे ऐंशीत ते जाडजूड, झाडाच्या चित्राचं,
पाठीवर वाळवीनं पाडलेलं भोक.
पोरं येतात, म्हणतात, आप्पा, ते हिरवं,
सरांच्या हातात असतं ते,
आणि मी शिडी सरकवतो.
लोक याला विद्या समजले.
मीही समजू दिलं.

शेजारच्या खुर्चीवर धडगावची सेवंती वळवी.
तिसऱ्या दिवशी पुस्तकाचं नाव टाइप करायचं आलं
आणि माझी बोटं टेबलावरच राहिली.
तिनं पाहिलं. विचारलं काही नाही.
कळफलक मराठीवर करून दिला,
मग म्हणाली, आप्पा, बांधणीत माझी शिवण सुटते,
तुम्ही सुई कुठून घालता?
जेवणाच्या सुट्टीत शेवभाजीचे हात धुऊन
आम्ही हजेरीचे जुने कागद शिवत बसलो.

दुपारी सांगितलं,
सरावापुरती एका पुस्तकाची नोंद करा, कुठलंही,
पाचला सगळं पुसून टाकू.

शीर्षक : तोंडी हिशेब.
लेखक : आधार दगडू. जिनिंगमधला तोलारी, माझा बाप.
सबंध हंगामाच्या गाठींची वजनं डोक्यात ठेवायचा,
शेटजीच्या वहीतली चूक वहीकडं न बघता सांगायचा.
कागद भिजस भो, म्हणायचा, डोकं नही भिजत.
तेही भिजलं शेवटी.
शेवटच्या वर्षी मला मुकादम समजून
रोज विचारायचा, आज किती क्विंटल?
प्रकाशकाचा रकाना रिकामा चालला.
पृष्ठसंख्येपाशी लाल चांदणी,
भरल्याशिवाय पुढं जाऊ देईना,
तिथं त्याचं वय टाकलं, अठ्ठ्याहत्तर.
प्रती : एक.
सद्यस्थिती निवडा :
उपलब्ध, दिलेले, गहाळ, बांधणीत.
बाण बराच वेळ वरखाली हिंडला.
बांधणीत, केलं.

सेवंतीनं तिच्या पडद्यावर 'हिशेब' एवढंच टाकलं
आणि बाप तिकडं निघाला,
दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्याच काचेत,
अंकांसकट.
मी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

पाच वाजायच्या आत लाइट गेली.
नोंद पुसली की राहिली, कुणाला ठाऊक नाही.
मॅडमनाही नाही, मी विचारलं.

आता हा फॉर्म.
पहिल्या ओळीत लिहिलं, चहा चांगला होता.
दुसरीत, अकरा नंबरच्या कळफलकावरचा ळ पुसट झालाय, बदलावा.
तिसरीत, इंग्रजी अक्षरं पहिल्यापासून शिकवणारा वर्ग
असला तर
इथं ओळ संपली,
म्हणून 'कळवावे'
सहीच्या चौकोनात गेलं.