किल्ली कुठे ठेवता?

वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांची,
मी महिना लावला. दंड चौदा रुपये.
तुमच्या शेवटच्या शर्यतीपाशी पोचले
तो नेमका पाण्याचा दिवस;
एका हातात पुस्तक, दुसऱ्यात नळाचा पाइप.

तुम्ही लिहिता, धावताना डोकं रिकामं होतं.
माझं नाही होत.
अशोक चौकातून निघाले की पहिला किलोमीटर
कुणाच्या तरी घरातला रात्रपाळीचा माग
डोक्यात खटक-खटक चालूच.
पाय त्याच्याच ठेक्यावर पडतात.
वेग वाढवायचा तर आधी गल्ली संपावी लागते.

तुमच्याकडे नदीकाठ, धुकं, बदकं.
इथं एप्रिलात पहाटे पाचलाच रस्ता कोमट,
आणि कंबर तलावाशी उलटे चालणारे गज्जम मास्तर,
रोज तेच विचारतात,
"कुणी पाठीस लागलंय का?"

सासूबाई दिवसाला आठशे विड्या वळतात.
सूप मांडीवर, मान खाली.
का वळता, असं त्यांना कोणी विचारत नाही.
त्या मला विचारतात, मी बूट काढताना,
"एंदुकम्मा?"
तुमचं पुस्तक म्हणजे त्या एका शब्दाचं
दोनशे दहा पानी उत्तर.
सांगायला बसले त्यांना तेलुगूत,
तर दुसऱ्याच पानावर म्हणाल्या,
"मग त्याच्या घरी चहा कोण करतं?"
समासात पेन्सिलीने खूण केली तिथं.
परत देताना खोडली.

एक मात्र पटलं:
थकल्यावर आधी विशेषणं गळतात, म्हणता.
खरंय. होटगी रस्त्याला, विमानतळाच्या भिंतीपाशी
माझ्याकडे नुसती क्रियापदं उरतात.
उचल. टाक. ये. उचल.

लिहिते मीही.
टॉवेलच्या कारखान्यातल्या जुन्या बिलबुकाच्या
कोऱ्या पाठीवर:
मंगळ, आठ किमी, डावा गुडघा.
शुक्र, पाणी आलं, धावले नाही.
हे साहित्य नव्हे, ठाऊक आहे.

पण एवढ्या पानांत तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत,
घराची किल्ली कुठे ठेवता.
दार उघडायला कोणी असेल.
मी बाहेरून कुलूप लावते, सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून,
आणि किल्ली लेसमध्ये ओवते, दुहेरी गाठ.
उजव्या पावलागणिक ती बुटावर वाजते.
कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं
तेवढं ऐकून आता भुंकत नाही,
नुसता एक कान उचलतं.