षष्ठीचं व्याख्यान

खतातलं तिसरं कलम मला तोंडपाठ आहे:
'दरसाल भाद्रपद वद्य षष्ठीस एक व्याख्यान करावे,
श्रोते येवोत वा न येवोत;
चुकल्यास मुद्दल वारसांस परत.'

आनंदराव गोरक्षकर, कापसाचे दलाल.
बहीण चिमाबाईच्या नावानं अठरा हजार ठेवले,
कायद्याच्या अध्यासनासाठी.
का, ते लिहिलं नाही.

पहिला मॅकिन, स्कॉटलंडचा.
तिसऱ्या पावसाळ्यात शिवडीच्या दफनभूमीत गेला.
त्याचं हजेरीपुस्तक अजून कपाटात आहे,
गैरहजर पोरांपुढे बारीक, सुबक शून्यं.
मग दुभाष, कोर्टातून थेट यायचे
अशिलाला व्हरांड्यात थांबवून.
मग केणी. दत्तकविधानावरच्या ग्रंथाची
चौदा वर्षं नुसती प्रस्तावना लिहिली
आणि प्रस्तावनेतच वारले.

मुक्ता रणपिसे आल्या तेव्हा मी
आवक-जावक सांभाळायचो.
षष्ठी पितृपक्षातली, म्हणून सगळे धरून चालायचे
की चिमाबाईचं श्राद्ध असणार.
बाईंनी जुनं पंचांग मागवलं,
हायकोर्टातून एका निकालाची नक्कल काढली,
आणि दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

वादी: चिमाबाई, विधवा. नवी वाडीतल्या दोन खोल्या.
प्रतिवादी: आनंदराव गोरक्षकर, सख्खा भाऊ.
दावा खर्चासह रद्द.
तिथी मरणाची नव्हती.
निकालाची होती.

त्या वर्षी त्यांनी मराठीत व्याख्यान दिलं,
अध्यासनाच्या इतिहासात पहिल्यांदा.
शेवटी म्हणाल्या, 'भाऊ कायद्यानं जिंकला.
त्याच्या पुढचं शिकवायला ही जागा आहे.'

त्या निवृत्त झाल्या त्याला अकरा वर्षं झाली.
फाइल वर जाते,
'तपासून फेरसादर करावे' होऊन खाली येते.
व्याजात आता जागेची जाहिरातही बसत नाही.

म्हणून षष्ठीला मीच सतरा नंबरची खोली उघडतो,
पंखा लावतो, उभा राहून नक्कल वाचतो.
शिपाई काझी खिडकीशी बसतो.
मग नोंद: व्याख्यान झाले. उपस्थिती एक.

यंदा वाचून झाल्यावर काझीनं विचारलं,
'साहेब, त्या दोन खोल्यांचं भाडं
तेव्हा किती असेल हो?'

मी पानं उलटून पाहिली. पाठपोट पाहिली.
कुठंच नाही.
पुढच्या षष्ठीच्या आत
शोधून ठेवायला हवं.