एक सूत

ऑपरेशनच्या आदल्या रात्री नांदेडच्या डॉक्टरनं
गुडघ्यावर निळ्या पेनानं बाण काढला.
मला बरं वाटलं.
आखल्याशिवाय कापणारा माणूस
माझ्या दुकानात चार दिवस टिकला नसता.

मग टीव्हीवर माझ्या हाडांचा नकाशा दाखवला.
म्हणाला, मावशी, यंत्राचा हात आहे,
मिलिमीटरच्या वर चूक होत नाही.
मी विचारलं, म्हणजे किती सूत?
तो हसला. त्याला सूत माहीत नव्हतं.

कमरेखाली भूल. वर मी जागी.
हिरव्या पडद्यापलीकडं ठोकाठोक,
सुताराच्या पडवीत असते तशी.
कुणीतरी बारा नंबर मागितला,
मग म्हणालं, नको, दहाच बसतोय.
ट्रायल घेत होते.
फिटिंग बघितल्याशिवाय काज करू नये,
हे त्यांनाही ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पाय एका पाळण्यात बांधला.
बटण दाबलं की पाळणा गुडघा वाकवी,
सरळ करी, वाकवी, सरळ करी,
घूं घूं करत.
चौतीस वर्षं मी पायानं मशीन चालवली,
आता मशीन माझा पाय चालवत होती
आणि मी नुसती पडून,
ताग्यासारखी.
रडू आलं ते दुखण्यानं नाही.
म्हणजे, दुखण्यानंही. लई दुखलं.

टाके सव्वीस, लोखंडी, पिना मारल्यासारखे.
मी मोजले. दोन ठिकाणी अंतर चुकलंय.
बोलले नाही.

सेलूला आल्यावर मांडीला एक पट्टा, पोटरीला एक,
मध्ये लुकलुकणारा दिवा.
गुडघा किती वाकला ते मोबाईल सांगतो.
नांदेडहून सुमय्या मॅडम व्हिडिओवर,
"मावशी, रेंज किती आली?"
मी म्हणाले, दोन काड्या.
"अहो, मोबाईलची नाही, गुडघ्याची!"
गुडघ्याची अडुसष्ट.
दोघी हसलो, तेवढ्यात लाईट गेली.

बर्फ शेजारच्या रसवंतीतून येतो,
त्याला उसाचा वास.
अडुसष्ट, एकाहत्तर, परत अडुसष्ट.
एक सूत पुढं, एक सूत मागं.
मोबाईलमधली बाई रोज त्याच आवाजात
म्हणायची, छान प्रयत्न.
मी तिला एकदा शिवी दिली.
ती म्हणाली, छान प्रयत्न.

जमिनीवर बसून कापड बेतणं कायमचं बंद.
मुंजानं टेबल आणलं,
आणि मला न विचारता मशीनला मोटार बसवली.
चामड्याचा पट्टा खिळ्याला टांगला.
मोटार पळते, माझ्या डोळ्यांच्याही पुढं पळते.
पहिलीच कॉलर वाकडी गेली.
कामून विचारलं नाहीस, म्हणाले,
तर तो म्हणाला, तुझ्याच पायासाठी.

ब्याण्णव झाले त्या दुपारी
सगळे जिंतूरला लग्नाला गेले.
मी काठी टेबलाला टेकवली,
पट्टा खिळ्यावरून काढला, चाकावर चढवला.
पायडल थंड.
पहिल्यांदा उलटं फिरलं, दोरा तुटला.
पुन्हा.
टाच, चवडा. टाच, चवडा.
कुरकुरलं ते पट्टा की गुडघा,
कळलं नाही.

संध्याकाळी सुमय्या मॅडमचा फोन,
"मावशी, इथं दिसतंय, आज दोन हजार तीनशे वेळा!
मी वीस सांगितले होते.
कसला व्यायाम केला?"

गुडघा सुजला होता.
बर्फ वितळून घरभर रसवंतीचा वास.
मी म्हणाले, रेंज नाही, आवाज येत नाही,
आणि अंगणवाडीचे पाच फ्रॉक
उशीखाली सरकवले.