सात नंबरचं दार

पाच तारीख गेली, दहा गेली.
पंधराला मी मुस्योकाला म्हटलं, स्क्रूड्रायव्हर घे.

कायोलेत सगळेच असं काहीतरी करतात.
कुणी वीज तोडतं, कुणी कुलपावर कुलूप घालतं,
पलीकडची वांगेची तर छपराचे पत्रे उतरवते.
मी फक्त दार.
दार काढलं की माणूस आपोआप निघतो,
माझा नवरा सांगायचा.
त्यानं सात खोल्या बांधल्या
आणि आठवीच्या पायात खडी पडायच्या आत गेला.
कर्ज राहिलं. ते कधी तारीख चुकवत नाही.
वीसला सकाळी फोन थरथरतो, सोसायटीचा मेसेज:
‘प्रिय सभासद.’
प्रिय म्हणणारं आता तेवढंच उरलंय.

सात नंबरात सिमियू.
रात्री लाविंग्टनला एका बंगल्यावर वॉचमन,
दोन गेटं, भिंतीवर तार, तारेत वीज.
कंपनीनं तीन महिने पगार दिला नाही म्हणतो.
मी म्हणते, हे कंपनीला सांग.
मग तो टोपी काढतो,
बोटांवर फिरवत राहतो गोल गोल,
आणि म्हणतो, शुक्रवारी. नक्की.
असे अकरा शुक्रवार माझ्या वहीत आहेत.

दहा वाजता गेलो तेव्हा तो झोपला होता.
बायको धुण्याच्या कामावर, पोरगी शाळेत.
कडी आतून लावलेली नव्हती.
बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेले,
मुस्योकानं रॉकेलची चिंधी फिरवली, शिव्या दिल्या,
दार एकदा उंबऱ्यावर आपटलं सुद्धा.
ऊन आत शिरलं, गादीवर चढलं,
त्याच्या तळपायांवर येऊन थांबलं.
रात्रभर लोकांचं दार राखून झोपलेला माणूस,
त्यानं नुसती कूस बदलली.

संध्याकाळी चार नंबरच्या बाईनं
न मागता भाडं आणून हातावर ठेवलं.
मुस्योका हसला. बघा, दार बोलतं.

दार माझ्या बैठकीत, टीव्हीशेजारी टेकवून ठेवलं.
आतली बाजू माझ्याकडे.
तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा, एकावर एक,
प्रत्येकीपुढे महिना, आणि तळाशी नाव: नेकेसा.
मी बातम्या बघत होते.
मग उठले, शिवणाच्या डब्यातून टेप काढली.
गेल्या वर्षी मार्च ते जुलै, चार बोटं.
यंदा मार्च ते जुलै,
रेघेवरच रेघ.
दोनदा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
पोरं काय, एखाद्या वर्षी नाही वाढत.
माझा जोरोगे सुद्धा असाच अडला होता,
पण तेव्हा तो आजारी होता.

रात्री कुत्री भुंकली म्हणून खिडकीशी गेले.
सातच्या चौकटीत बायकोचा लेसो टांगलेला,
काठावरची छापील म्हण अर्धी चुण्यांत गेलेली,
उरलेल्या अर्ध्या म्हणीचा अर्थ लागेना.
लेसोबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
पूर्ण युनिफॉर्ममध्ये सिमियू.
मांडीवर टॉर्च, हातात दंडुका.
ड्यूटीवर गेलाच नव्हता.
म्हणजे आजचा दिवसही कापला जाणार.
माझ्याकडे त्यानं पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
टॉर्च एकदा माझ्या भिंतीवरून फिरली,
पाण्याच्या टाकीवरून, आठवीच्या उघड्या पायावरून,
आणि परत आपल्या पायाशी आली.
रात्रभर तो माझी खोली राखत होता,
आणि त्याचे पैसे मला द्यायचे नव्हते.

सकाळी मुस्योकाला विचारलं, स्क्रू कुठेत?
फेकले म्हणाला, तुम्हीच म्हणालात नवा भाडेकरू, नवं दार.
मी तसं म्हटलं होतं?
असेन म्हणाले.

हार्डवेअरवाल्यानं बारा स्क्रू मोजून दिले,
चाळीस शिलिंग.
वहीत लिहिले, तारीख घातली.
भाडं माफ केलेलं नाही, हे सिमियूला सांगायचंय.
वीस तारीख परवा आहे, हेही.
चाळीस कुणाच्या नावावर घालायचे
ते तेवढं अजून कोरं आहे.